भिंतीतले स्पीकर घ्यायचेत? आधी भिंत दाखवा

ज्यांना हेडफोन लावून अख्खा भाग ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मी जिथे अडखळलो, मध्येच चहा प्यायला थांबलो आणि एकदा खालून भंगारवाला ओरडत गेला, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

विषय निघाला तो एका मेसेजवरून. नाशिकची एक श्रोती आहे. नव्या टू-बीएचकेचा ताबा मिळालाय, आत इंटिरियरचं काम चालू आहे. दुसरी बेडरूम बाबांची. बाबा नुकतेच रिटायर झालेत. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी कॅसेटी जमवल्या, मग सीडी जमवल्या, आणि दर वेळी ‘सवडीने ऐकू’ म्हणून कपाटात ठेवून दिल्या. आता सवड आहे, पण ऐकतात कशावर? तर मोबाईलच्या स्पीकरवर, तोही पेल्यात ठेवून. तिला त्यांच्यासाठी त्या खोलीत नीट गाणं ऐकण्याची सोय करायची आहे. अडचण एवढीच, की घरात दहा महिन्यांचं बाळ आहे आणि ते रांगत सगळीकडे पोचतं. जमिनीवर उभे स्पीकर ठेवले तर एक तरी बाळाच्या अंगावर येणार. म्हणून इंटिरियरवाला म्हणाला, “मॅडम, भिंतीतच बसवून टाकू, दिसणारही नाहीत.”

तिने मला दोन मॉडेल्सचे स्क्रीनशॉट पाठवले. पहिल्यात आठ इंची वूफर, मागची बाजू उघडी, जोडीची किंमत २८,००० रुपये. दुसऱ्यात साडेसहा इंची वूफर, मागे बंद डबा, जोडी ५२,००० ची. खाली प्रश्न: “दादा, यातला कुठला घेऊ? शनिवारपर्यंत कॉन्ट्रॅक्टरला सांगायचंय.”

मी म्हटलं, “भिंतीचा फोटो पाठव.”

तिला वाटलं मी मस्करी करतोय. पण खरंच, भिंत बघितल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर देताच येत नाही. का ते सांगतो.

तुमच्यापैकी कोणी जुन्या टेपरेकॉर्डरचा किंवा गाडीचा स्पीकर डब्यातून बाहेर काढून, नुसता हातात धरून वाजवलाय का? वाजवून बघा कधीतरी. खालचा आवाज पार गायब होतो. ढोल लावला तरी पत्र्याचा डबा बडवल्यासारखं वाटतं. वूफरचा कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे स्पीकर मागूनही जवळपास तेवढाच आवाज काढत असतो, फक्त उलटा. हे पुढचं आणि मागचं एकमेकांना भेटलं, की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. डब्याचं पहिलं काम म्हणजे मागचा आवाज पुढे येऊ न देणं. दुसरं काम म्हणजे आतल्या हवेचा गादीसारखा उपयोग करून वूफरला आवर घालणं. डबा लहान केला, मोठा केला, तर त्याच वूफरचा बास बदलतो.

आता भिंतीत बसवायचा स्पीकर म्हणजे काय? तर बहुतेक वेळा डब्याशिवाय विकलेला स्पीकर. चौकट, वूफर, ट्वीटर, मागे क्रॉसओव्हरची छोटीशी पट्टी. संपलं. डबा कुठे गेला? डबा तुमच्या घरात आहे, असं कंपनीने गृहीत धरलंय. डबा म्हणजे तुमची भिंत.

आणि ते गृहीतक आलंय अमेरिकेतून. कॅलिफोर्नियातल्या सोनान्स कंपनीने १९८० च्या दशकात हा प्रकार बाजारात रुळवला, आणि तिथल्या घरांना तो चपखल बसला. कारण तिथली घरातली भिंत पोकळ असते. उभे लाकडी खांब, ज्यांना ते ‘टू बाय फोर’ म्हणतात पण प्रत्यक्षात ते दीड बाय साडेतीन इंचांचे असतात. त्यांच्यात मध्यापासून मध्यापर्यंत सहसा १६ इंचांचं अंतर, आणि दोन्ही बाजूंनी अर्धा इंची जिप्सम बोर्ड. म्हणजे दोन खांबांमध्ये साडेचौदा इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल अशी आयती पोकळी मिळते. भिंत आठ फूट उंच धरली तर एका कप्प्यात जवळपास ८० लिटर हवा झाली. भोक पाडा, स्पीकर सरकवा, स्क्रू पिळा. चौकटीच्या मागचे कानासारखे क्लॅम्प बाहेर वळतात आणि बोर्डला मागून धरून ठेवतात. अर्ध्या तासाचं काम.

आपल्याकडे ती भिंतच नाही ना! जुन्या इमारतीत विटेची भिंत, साडेचार इंची नाहीतर नऊ इंची. नव्या इमारतीत एएसी ब्लॉकची, चार किंवा सहा इंची. आणि पुण्या-मुंबईकडच्या कित्येक नव्या टॉवरमध्ये मिवानची, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून ओतलेली सलग काँक्रीटची भिंत, आत सळ्या. ती भिंतच इमारतीचा भार पेलत असते. तिच्यात स्पीकरएवढं भोक पाडणं हा विषयच नाही. ताबा देताना बिल्डर ते लिहूनच देतो. चार इंची ब्लॉकच्या भिंतीत चार इंच खोल स्पीकर बसवायला गेलात तर पलीकडच्या खोलीत निघाल. आणि ते क्लॅम्प? ते पातळ बोर्डला धरण्यासाठी केलेले असतात. विटेला ते धरत नाहीत. मग मिस्त्री सिलिकॉन आणि लाकडी गुटके घालून कसंबसं बसवतो आणि सहा महिन्यांनी चौकट थरथरायला लागते.

तेव्हा आपल्याकडे बहुतेक घरांत एकच मार्ग उरतो. आहे त्या भिंतीच्या पुढे दुसरी खोटी भिंत उभी करायची आणि स्पीकर तिच्यात बसवायचे. म्हणजे तुम्ही स्पीकरचा डबा स्वतः बांधणार आहात, सुताराच्या आणि जिप्समवाल्याच्या हातून. त्यांना हे माहीत नसतं. त्यांच्या दृष्टीने ते पॅनेलिंग असतं.

इथे माझीच फजिती सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. काही वर्षांपूर्वी मावशीच्या घरी हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जिप्समचं पार्टिशन घातलं होतं. मी आणि मावसभाऊ, दोघेही यूट्यूब बघून तज्ज्ञ झालेलो. मागून उघडे, आठ इंची स्पीकर आणले. मिस्त्री करवत हातात घेऊन विचारतोय, “दादा, नक्की पाडू ना भोक? नंतर बुजवलं तरी दिसणार हां.” आम्ही म्हटलं, पाडा. संध्याकाळी गाणं लावलं. हॉलमध्ये ठीकठाक, थोडं घुमल्यासारखं. आणि आतून मावशीचा आवाज: “अरे, हे मला इकडे ओट्यापाशीच जास्त ऐकू येतंय!” मागचा सगळा आवाज पातळ बोर्डातून थेट स्वयंपाकघरात. वर डग्गा घुमला की मांडणीवरचे चमचे किणकिणायचे. ते स्पीकर महिन्याभरात निघाले. दोन्ही भोकांवर आता लग्नाचे फोटो आहेत, आणि ते तिथे इतके खाली का लावलेत असं प्रत्येक पाहुणा विचारतो.

त्या स्पीकरांत दोष नव्हता. त्यांना ऐंशी लिटरचा, भरभक्कम, मागून बंद कप्पा हवा होता. आम्ही त्यांना दोन इंची चॅनेलवरचं, कुठून कुठवर जोडलेलं कळत नाही असं पोकळ पार्टिशन दिलं.

मग प्रश्न पडेल, एवढी कटकट असेल तर भिंतीत बसवायचेच कशाला? कारण नीट जमलं तर त्याचा एक फायदा असा आहे, जो साध्या स्पीकरला सहज मिळत नाही. समजा, तुम्ही स्टँडवरचा स्पीकर ठेवलात आणि त्याचं तोंड मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे आहे. खालचे सूर सरळ पुढेच जात नाहीत, ते सगळीकडे पसरतात. त्यातला काही भाग मागे जाऊन भिंतीवर आपटून परत येतो, दोन अधिक दोन असे चार फूट जास्त चालून. ज्या सुराची अर्धी लांबी बरोबर चार फूट, तो सूर परत येताना उलटा होऊन पुढच्या सुराला भेटतो आणि दोघे एकमेकांना कापतात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून हिशेब केला तर तो सूर निघतो १४० हर्ट्झच्या आसपास.

आता जरा पेटी आठवा. काळी एक. त्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज येतो १३९ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे बाबा ज्याचं गाणं ऐकणार, त्याचा ‘सा’च नेमका त्या खड्ड्यात! खोलीतले बाकीचे पडसाद तो खड्डा थोडाफार भरतात, सूर पूर्ण पुसला जात नाही. पण आवाज पोकळ, छातीतून न आल्यासारखा वाटतो, आणि आपण म्हणत बसतो की रेकॉर्डिंगच जुनं आहे.

स्पीकरचं तोंड भिंतीशी सपाट आणलं की मागे जाऊन परत येण्याचा हा खेळच संपतो. मोठ्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत मुख्य मॉनिटर भिंतीत बसवलेले दिसतात ते यासाठी, शोभेसाठी नाही. (आणि कृपा करून कोनाडा करून त्यात साधा बुकशेल्फ स्पीकर कोंबू नका. त्यात भिंतीचे फायदे मिळत नाहीत आणि भोवतीची पोकळी मात्र गुणगुणत बसते.)

बरं, नाशिकच्या खोलीकडे येऊ. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, छत साडेनऊ फुटांवर. एका दहा फुटी भिंतीत खिडकी, तीही पश्चिमेची, पावसाचा मारा थेट. समोरच्या दहा फुटी भिंतीपलीकडे त्यांचीच बेडरूम, जिथे बाळ झोपतं. एक बारा फुटी भिंत शेजाऱ्यांच्या फ्लॅटला लागून. दुसरीत दार आणि कपाट.

इंटिरियरवाल्याने शेजाऱ्यांची भिंत सुचवली होती, कारण ती सलग मोकळी आहे. मी आधी तीच खोडली. खालचे सूर अडवायला वजन लागतं, आणि चार-सहा इंची ब्लॉकला ते सगळे सूर अडवणं जमत नाही. निवासी भागासाठी आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण खरं सांगू का, तक्रार डेसिबल मोजून येत नाही. पलीकडच्या माणसाला दुपारी झोपताना उशीखाली तबला ऐकू आला की येते. आणि मग बाबांनी आवाज कमी ठेवायचा, अजून कमी ठेवायचा, आणि शेवटी पुन्हा मोबाईल पेल्यात. एवढा खर्च करून हेच व्हायचं असेल तर काय उपयोग?

पश्चिमेची भिंतही नको. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल धरते. तिच्यासमोर खोटी भिंत उभी केली की ओल दिसेनाशी होते, पण जात नाही. आत बुरशी, स्क्रूंना गंज, कागदी कोन नरम. कोकणात आणि मुंबईत तर हे मी हमखास धरून चालतो. शिवाय खिडकी मध्ये आल्यामुळे डावा-उजवा स्पीकर सारखा बसणार नाही.

उरली बेडरूमची भिंत. बाळ झोपतं ती. तिने लगेच लिहिलं, “दादा, मग तर बाळ उठेल.” बरोबर आहे. पण बाळाच्या झोपेची वेळ आपल्या हातात असते, शेजाऱ्यांची नसते. आणि नेमक्या याच भिंतीमुळे दोन मॉडेल्समधली निवड सोपी झाली. मागून उघडा स्पीकर म्हणजे जेवढा आवाज बाबांकडे, साधारण तेवढाच पाळण्याच्या दिशेने. बंद डब्याचा स्पीकर मागचा आवाज आधी स्वतःच्या डब्यात अडवतो, मग त्याच्या मागे रॉकवूल, मग मोकळी फट, मग ब्लॉकची भिंत. तरी आवाज जाईलच, पण लोरीएवढा.

‘पण आठ इंची मोठा नाही का? बास जास्त येईल ना?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. येईल, जर त्याला मागे पुरेशी जागा आणि पक्की भिंत मिळाली तर. नाहीतर मोठा वूफर लहान किंवा लेच्यापेच्या पोकळीत घुमतो, आणि घुमणं म्हणजे बास नव्हे. आणि बाबांना ऐकायचंय काय? ख्याल आणि नाट्यगीतं. काळी एकच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास लागते. गाण्यातली तेवढी खोली नीट आली, तर या खोलीचं बरंचसं काम झालं. चांगल्या डब्यातला साडेसहा इंची वूफर तिथवर पोचतो. उद्या नातवाने मोठं होऊन ईडीएम लावलं, तर सबवूफर त्याने त्याच्या पैशाने घ्यावा.

यापेक्षा मी एका वेगळ्या गोष्टीत जास्त वेळ घातला असता, ती म्हणजे बाजूने ऐकल्यावर आवाज कसा बदलतो. स्टँडवरचा स्पीकर आपण आपल्याकडे वळवून ठेवू शकतो. भिंतीतला वळत नाही. तो समोर बघत राहतो आणि तुम्ही कायम त्याच्या थोडे तिरके बसता. काही मॉडेल्समध्ये ट्वीटर थोडा वळवता येतो, ते बरं, पण वूफर तिथेच राहतो. म्हणून समोरून किती गोड वाजतो यापेक्षा पंचवीस-तीस अंश बाजूने आवाज तसाच राहतो का, हे महत्त्वाचं. फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाने कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हर्मन कंपनीत, पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवत वर्षानुवर्षं हेच तपासलं. समोरचा आवाज सपाट आणि बाजूचा आवाज हळूहळू, एकसारखा कमी होत जाणारा, असे स्पीकर लोकांना जास्त आवडतात असं त्यातून निघालं. त्याच कामातून स्पीकर सगळ्या बाजूंनी मोजायची पद्धत तयार झाली, तिला स्पिनोरामा म्हणतात. तुमच्या मॉडेलचा स्पिनोरामा मिळाला तर उत्तम. भिंतीतल्या स्पीकरांचे कमी मिळतात.

नाही मिळाला तर दुकानात एक साधी परीक्षा करा. एकच स्पीकर वाजवायला सांगा, दोन नको. आपल्या ओळखीचा आवाज लावा, गाणं नसलं तरी चालेल, एखाद्या पॉडकास्टमधलं बोलणं लावा (कुठल्या पॉडकास्टमधलं ते मी सुचवत नाही!). आणि समोरून बाजूला, बाजूला, असं खेकड्यासारखं सरका. माणूस तोच वाटतो, की मध्येच तोंडावर रुमाल धरल्यासारखा वाटतो? रुमाल आला तर तो स्पीकर आपल्यासाठी नाही. केईएफसारख्या काही कंपन्या ट्वीटर वूफरच्या बरोबर मध्यभागी बसवतात, त्यांचं युनि-क्यू १९८८ पासून आहे. त्या रचनेत बाजूने आणि वरखाली होणारा फरक सहसा कमी असतो. पण बास मात्र दुकानात तपासू नका. ती दुकानाची भिंत आहे, तुमची नाही.

बसायची जागा. हे भोक पाडायच्या आधी ठरवायचं, कारण नंतर फक्त खुर्ची हलते. खोटी भिंत सहा इंच खाणार, म्हणजे खोलीची लांबी उरली साडेअकरा फूट. दोन स्पीकरांच्या मध्यांमध्ये साडेसहा फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेदोन फूट मोकळे. बाबांचे कान स्पीकरच्या भिंतीपासून सात फुटांवर. शाळेतल्या समभुज त्रिकोणाच्या जवळपास जातं ते. खोलीच्या बरोबर मध्ये, म्हणजे पावणेसहा फुटांवर, खुर्ची का नाही? कारण साडेअकरा फूट लांबीच्या खोलीत ४९ हर्ट्झच्या आसपासची एक लाट दोन भिंतींच्या मध्ये उभी राहते आणि बरोबर मध्यभागी तिचा आवाज जवळजवळ शून्य होतो. एक-सव्वा फूट मागे सरकलं की बरं. अगदी मागच्या भिंतीला डोकं टेकवूनही बसू नका, तिथे तोच सूर फुगतो. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, जमिनीपासून साधारण ३८ ते ४० इंच. बाबांना त्यांच्याच खुर्चीत बसवून टेप लावून मोजा. छतातल्या स्पीकरचं कोणी सुचवलं तर नको म्हणा. गायक डोक्यावर बसून गात नाही.

अँप्लिफायरवर फार वेळ घालवत नाही. ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर असेल तर सात फुटांवर, दोन्ही स्पीकर धरून, एका वॅटमध्ये ८४ च्या आसपास आवाज मिळतो. तोच घरात पुरेसा मोठा असतो. पन्नास वॅटचा चांगला स्टिरिओ अँप भरपूर झाला. वायर तांब्याचीच, दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएम. दहा मीटरच्या अंतराला अडीचच्या वायरचा जाऊन-येऊन विरोध ०.१५ ओहम होतो, आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो किरकोळ. सोन्याचा मुलामा वगैरे विसरा. फक्त पाइप वेगळा हवा. इलेक्ट्रिशियन ती वायर विजेच्या पाइपातूनच न्यायला बघेल, तिथे उभं राहून नाही म्हणायचं.

मग शनिवारसाठी तिला लिहून दिलं ते असं. खोटी भिंत मागच्या ब्लॉकला न चिकटवता अर्धा इंच फट ठेवून, वर छताला आणि खाली फरशीला धरून उभी करा. जिप्सम पार्टिशनला आपल्याकडे बरेचदा दोन ते पावणेतीन इंची चॅनेल वापरतात, तेवढी खोली इथे पुरणार नाही, चार इंची चौकट लागेल. स्पीकरच्या भागात नुसता जिप्सम नको; आधी १८ एमएम प्लाय, त्यावर जिप्सम. प्लायला वाळवीचं औषध मारूनच लावा. दोन्ही मिळून जाडी किती होते ते आणि क्लॅम्प किती जाडी धरतात ते, मॅन्युअलच्या पीडीएफमध्ये आधी जुळवून बघा. कट-आऊटचं माप आणि आतली खोलीही तिथेच मिळेल. दुकानदार तोंडी सांगतो ते माप घेऊ नका. आत सगळीकडे रॉकवूल. खाली-वर फटी बंद, नाहीतर पाल आणि झुरळं त्यालाच घर मानतात. वूफरची कडा रबराची आहे ना बघा, फोमची असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो. जाळीला भिंतीचा रंग देणार असाल तर आतलं कापड काढून, फवाऱ्याने, अगदी पातळ. ब्रशने दिला की भोकं बुजतात आणि मग माझ्याकडे मेसेज येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: शनिवारी भोकं पाडू नका. भिंत उभी करा, वायरी ओढून टोकं आत गुंडाळून ठेवा, पण प्लाय कापू नका. कुणाकडून तरी साधे बुकशेल्फ स्पीकर आठवड्यासाठी मागून आणा, स्टुलावर ठेवून अगदी भिंतीला लावा, ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या उंचीवर. भिंतीला लावल्यामुळे ते थोडे घुमतील, त्याकडे लक्ष देऊ नका. बाबांना रोज ऐकू द्या. त्यांना खुर्ची तिथेच आवडते का, का ते दुसऱ्याच दिवशी ती खिडकीशी ओढून नेतात? बाळ उठतं का? आठवड्याभरात दोन्ही कळेल. भाड्याचं घर असेल किंवा मिवानची भिंत असून सहा इंच जागाही सोडायची नसेल, तर मी इथेच थांबा म्हणेन. भिंतीवर टांगायचे पातळ स्पीकर मिळतात, तेही तोंड भिंतीजवळ ठेवतात, आणि घर सोडताना सोबत नेता येतात.

५२,००० वाला घे, असं मी तिला शेवटी सांगितलं. त्यावर तिचा प्रश्न आला, की २८,००० चे घेऊन सुताराकडून मागे डबा करून घेतला तर? करता येतो. चार इंच खोल, तेरा इंच रुंद, तीन फूट उंच एवढी आतली जागा मिळाली तर तीस लिटर होते. पण त्या स्पीकरला मॅन्युअलमध्ये किती लिटर हवेत ते बघ, आणि तुझा सुतार डब्याचा सांधा न सांधा हवाबंद करेल याची खात्री असेल तरच. माझी मावशीच्या घरानंतर तेवढी हिंमत राहिलेली नाही.

बुधवारी तिचा व्हॉइस मेसेज आला. मागून आणलेले स्पीकर स्टुलांवर, मागे उघडा प्लाय, आणि मागे कुठेतरी तानपुरा. ती हळू आवाजात सांगत होती, की बाबांनी खुर्ची हलवली, पण फक्त एक फूट, पुढे. मी तिला लिहिलं, त्यांना परत मागे सरकव, मध्यभागी बसलेत. तिचं उत्तर: “सांगितलं. ते म्हणतात, मला इथेच बरं वाटतं.”

मग आता स्पीकर तीन इंच जवळ घेऊन कट-आऊट आखायचेत. प्लाय अजून कापलेला नाही.